मागच्या दोन खोल्यांतल्या शालनकाकू

शालनकाकू कुठल्याही घरात शिरल्या की आधी डाग बघायच्या. भिंतीला डोकं टेकून टेकून पडलेला तेलाचा डाग, दाराच्या चौकटीवर हातांनी उमटलेला काळपट पट्टा, फरशीचा घासून गुळगुळीत झालेला तुकडा. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा आईनं त्यांना खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. बैठकीच्या खोलीतल्या एका भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हितं कोण बसतंय?"

आईला वाटलं, भिंत घाण आहे असं सुचवतायत. ती ओशाळून म्हणाली, "दिवाळीला रंग द्यायचाय."

"रंग कशाला? गादी टाका हितं. माणूस रोज बसतंय आन् खाली फरशी गार."

तिथं माझा मोठा भाऊ, भैया, बसायचा. मोबाइल चार्जिंगला लावायचा प्लग तिथंच होता. आम्ही सगळे त्याला रोज 'सोफ्यावर बस की' म्हणून टोकायचो. आईनं त्या संध्याकाळी तिथं एक जुनी गादी टाकली आणि आमच्या घरातलं ते टोकणं त्या दिवसापासून बंद झालं. काकू खरं तर आमच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं बघायला आल्या होत्या. खोल्या त्यांनी त्यानंतर बघितल्या, त्याही दोन मिनिटांत, आणि घेतल्या.

मी तेव्हा दहावीत होते. त्या आमच्याकडे सात वर्षं राहिल्या. एवढ्या काळात त्यांच्याविषयी मला जे कळलं ते एका पानावर मावेल. माहेर ढोकीकडचं. लेक लातूरला दिलेली. नवऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्ही विचारला नाही. कोर्टासमोरच्या पत्र्याच्या शेडात त्या टायपिंग करायच्या. पूर्वी टाइपरायटरवर, मग लॅपटॉप आणि प्रिंटर आला. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसांचे जबाब. दिवसभर ती भाषा बोटांतून गेल्यामुळे असेल, ती त्यांच्या तोंडातही शिरली होती. बोलायच्या आपल्या इकडचंच, पण मधेच एखादा सरकारी शब्द खड्यासारखा यायचा. "सदर खिडकी कुणी लावली गं?" आई चहाला बोलवायची तर, "उपरोक्त कारणास्तव नको," आणि उपरोक्त कारण काय ते कधीच सांगायच्या नाहीत. त्यांच्या पायरीवर एक पांढरं मांजर येऊन बसायचं. त्याला त्या 'सदर मांजर' म्हणायच्या. मी इंग्रजी शाळेतली. सुरुवातीचे काही दिवस मला वाटत होतं की सदर हे त्या मांजराचं नाव आहे. मी त्याला 'सदर, सदर' म्हणून हाकही मारली होती. काकूंनी ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. उलट त्यांनीही पुढे त्याला तशीच हाक मारायला सुरुवात केली. थट्टा होती की मला लाज वाटू नये म्हणून केलं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही सांगता येणार नाही. त्यांच्या बाबतीत माझं हे नेहमीचंच आहे.

त्या घर सजवायच्या नाहीत. सजवणं हा शब्द त्यांना आवडायचाच नाही. "ते लग्नात करत्यात," म्हणायच्या. त्या 'सोय' करायच्या. मी सोय या शब्दाला मनातल्या मनात इंग्रजी प्रतिशब्द शोधून पाहिला, एकही नीट बसला नाही. सोय म्हणजे काय, तर आई ओले कपडे वाळत घालताना टाचा उंच करते हे त्यांनी बघितलं आणि दोरी वीतभर खाली घेतली. पप्पा बूट घालताना एका पायावर उभे राहून चौकट धरतात हे बघितलं आणि दारापाशी दोन विटांच्या थरांवर शहाबादी फरशीचा एक तुटका तुकडा बसवला. तुकडा बांधकामाच्या ढिगातून उचललेला. पप्पा तसे मानी. दोन दिवस ते त्या दगडाच्या शेजारी एका पायावर उभे राहूनच बूट घालत होते. तिसऱ्या दिवशी बसले. मग रोज बसायला लागले. 

मागच्या खोल्या म्हणजे आमच्या घराचा सगळ्यात नावडता भाग होता. आधीच्या भाडेकरूंनी वर्षभरात सोडल्या होत्या. वर उघडा स्लॅब, उन्हाळ्यात भट्टी. समोर लांबट व्हरांडा, त्यात ऊन थेट भिंतीपर्यंत यायचं. काकूंनी पहिल्या उन्हाळ्यात एकदा कपाळ पुसत मला म्हटलं, "आमच्या गावाकडं माळवद असायचं गं. दुपारच्याला आत कसं गारेगार. हितंबी वर तसंच काय तरी केलं पायजे."

आमच्या घरात भाजीला माळवं म्हणतात. माळवद हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी सरळ जाऊन आईला सांगितलं, की काकूंच्या गावी छतावर माळवं लावायचे आणि त्यानं खोल्या थंड राहायच्या, आता आपल्याकडेही लावायचंय. आईला पटलं. ती म्हणाली, असेल बाबा, माती असते ना. पप्पांनी तेलाचे रिकामे डबे आणले, भैयानं माती चढवली, आणि काकू संध्याकाळी कोर्टातून आल्या तेव्हा त्यांच्या खोल्यांच्या स्लॅबवर अकरा डबे रांगेनं उभे होते, मेथी, कोथिंबीर आणि दोडक्याच्या बियांसकट.

त्या जिन्यावरून वर आल्या, डबे बघितले, माझ्याकडे बघितलं. "माळवद म्हणलं व्हतं म्या. मातीचं छत असतंय जुन्या घराचं, सपाट. माळवं न्हाय."

मला जमिनीत जावंसं वाटलं. त्या डब्यांच्या भोवती एक फेरी मारून आल्या. "पर ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "डबे हिकडं घ्या सगळे, माझ्या झोपायच्या जागंच्या बरोबर वर. बाकीच्या स्लॅबला चुना मारू." रविवारी त्यांनी चुना कालवून त्यात थोडा फेविकॉल टाकला आणि केरसुणीसारख्या जाड ब्रशनं सगळा स्लॅब पांढरा केला. मी बादली धरली होती. खोल्या खरंच गार झाल्या. त्या उन्हाळ्यात आमच्या पुढच्या खोल्यांपेक्षा त्यांच्याकडे बरं वाटायचं, आणि आई निवडायची मेथी घेऊन दुपारी तिकडेच जाऊन बसायची. दोडका दोरीवरून व्हरांड्यावर उतरला.

माझ्यासाठी त्यांनी जे केलं ते सांगायला मला थोडं अवघड जातं. मी कमी बोलते. लोक समोर आले की माझं काहीतरी बिनसतं. आमच्याकडे पाहुणे आले की मी आत, आणि उन्हाळ्यात आत बसवत नाही, म्हणून पुस्तक घेऊन स्वयंपाकघरातून देवघरात, देवघरातून जिन्यावर अशी फिरत राहायचे. एकदा काकू म्हणाल्या, "तुला बाहेर बसाय आवडतंय. फकस्त कुणाला दिसाय आवडत न्हाय."

 हे मी स्वतःलाही कधी असं सांगितलं नव्हतं.

आठवड्याभरात व्हरांड्याच्या टोकाला, जिथं दोडक्याचा वेल दाट होता तिथं, त्यांनी बांबूच्या कामट्यांचा एक चिक, गुंडाळता येणारा पडदा, टांगला. ठिबकच्या जुन्या नळीचा दांडा आणि दोन खिळे. खाली बाज टाकली, तिच्या पायांखाली विटा, म्हणजे बसल्यावर डोळे बरोबर वेलाच्या फटीशी येतील. मला रस्ता दिसायचा, येणारे-जाणारे दिसायचे, वारा यायचा. मी कुणाला दिसायचे नाही. मी बारावी तिथं केली, पदवी तिथं केली. काकू त्यांच्या खोलीतून यायच्या-जायच्या, पण मी त्या बाजेवर असले की त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत. जणू त्यांनाही मी दिसत नसे.

मग भैयाचं लग्न जमलं.

आमच्याकडे कुणाला 'जागा खाली करा' असं तोंडावर म्हणत नाहीत. बाईमाणसाला तर नाहीच. पप्पा एका संध्याकाळी दारातल्या त्या दगडावर बसले होते, काकू फाटकातून आत येत होत्या. मी आत खिडकीशी होते.

"भैयाचं जमलं बरं का, शालनताई."

"व्हय, वैनी म्हणल्या. लई चांगलं झालं."

"आता घर कमी पडणार बघा." पप्पा बुटाची नाडी सोडत म्हणाले. "तुम्हाला तर सगळं कळतंच."

"बघते मी," काकू म्हणाल्या आणि मागं गेल्या.

जेवताना पप्पा आईला म्हणाले, "बोललो मी. बघते म्हणाल्या." आईनं सुस्कारा सोडला. या बोलण्याचा अर्थ आमच्याकडे लहान मुलालाही कळतो. घर कमी पडतंय म्हणजे तुम्ही निघा. बघते म्हणजे दुसरी जागा बघते. मी ताटातली भाकरी नुसती मोडत राहिले. नको म्हणावं असं कुणी काही उघड म्हटलेलंच नव्हतं.

रविवारी सकाळी काकू मोजपट्टी घेऊन आमच्या दारात उभ्या. पप्पा पेपर वाचत होते.

"घर बघाय आले," काकू म्हणाल्या. "कमी कसं पडतंय ते. बघते म्हणलं व्हतं ना."

पप्पांनी पेपर खाली घेतला. आई स्वयंपाकघराच्या दारात. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. काकूंनी पट्टीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर गं."

दोन तास त्यांनी आमचं घर मोजलं. माळ्यावर चढल्या, बोळात उतरल्या. स्टोअरच्या खोलीत गोधड्या, मोडका कूलर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि मला शाळेत मिळालेले बक्षिसाचे कप होते. तिथं त्या बराच वेळ उभ्या होत्या. अधूनमधून विचारायच्या, "सदर कूलर चालतोय का?" आई म्हणायची, "नाही." "मग कशाला ठिवलाय?" "असू दे म्हणून." हे त्यांनी एका जुन्या अर्जाच्या कोऱ्या बाजूवर टिपूनही घेतलं. निदान लिहिल्यासारखं केलं.

मंगळवारी त्यांनी मला एक नकाशा दिला. स्वच्छ रेघा, टायपिंगसारखं बारीक अक्षर. स्टोअर रिकामं करायचं. गोधड्यांसाठी बाथरूमच्या वर फळ्यांचा माळा. बोळाच्या बाजूच्या भिंतीला एक मोठी खिडकी. बोळातलं भंगार काढून तिथं फरशीचे तुकडे आणि कुंड्या, म्हणजे खिडकीतून भिंत दिसणार नाही, हिरवं दिसेल. दार बैठकीतून न ठेवता मागच्या पॅसेजमधून, 'म्हणजे नवीन सुनेला पाहुण्यांसमोरून जावे लागणार नाही.' हे वाक्य त्यांनी खाली लिहिलं होतं. भैया आणि वहिनीची खोली. घर कमी पडत नव्हतं.

"तू दे पप्पांना," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच द्या ना, काकू."

"माझ्या हातनं दिलं तर त्येंना नको म्हणता यायचं न्हाय."

तेव्हापासून मी या वाक्याचा विचार करते आहे. ज्या बाईला हे कळतं, तिला घर कमी पडण्याचा अर्थ कळला नसेल? की कळला होता, आणि तो नकाशा म्हणजे त्यांच्या दोन खोल्यांसाठी केलेला अर्ज होता, आणि अर्जदाराचं नाव मुद्दाम सोडलेलं होतं? की त्या खरंच साध्या होत्या, कमी पडतंय म्हटलं म्हणून मोजून बघितलं? तेव्हा मी त्यांना विचारलं नाही. कागद मी दोन दिवस वहीत ठेवला. तिसऱ्या दिवशी पप्पांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवून आत पळाले.

पप्पांनी तो फार वेळ बघितला. "डोकं आहे बाईला," म्हणाले. पुढच्या आठवड्यात गवंडी आला.

काम चाललं होतं तेव्हा काकू रोज संध्याकाळी कोर्टातून परस्पर तिथं यायच्या. खिडकी चार बोटं खाली घ्यायला लावली त्यांनी. गवंडी वैतागून म्हणाला, "मावशी, राहणार कोण हाय हितं, तुमी का?" त्या म्हणाल्या, "न्हाय बाबा. माझं मागं हाय." मी हे ऐकलं आणि मला इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी मी गवंड्याशीही बोलले.

लग्नाच्या महिनाभर आधी मुलीकडचे घर बघायला आले. सात जण. पोहे झाले, चहा झाला. नवीन खोली सगळ्यांना आवडली. खिडकीपाशी उभं राहून वहिनीच्या आत्या म्हणाल्या, "झाडं कुणी लावली?" आई म्हणाली, "आमच्या भाडेकरू आहेत, त्यांनाच फार हौस." आणि मग आई माझ्याकडे वळून म्हणाली, "जा गं, मागं दाखव त्यांना."

मी कधी कुणाला काही दाखवत नाही. त्या दिवशी मात्र मला दाखवावंसं वाटलं. मी पुढे झाले. काकू कामावर होत्या. मी पाहुण्यांना दोडक्याचा वेल दाखवला, स्लॅबचा चुना दाखवला, डब्यांची गोष्ट माळवदासकट सांगितली. सगळे हसले. मी इतक्या लोकांना एकदम हसवलं होतं. मग मी चिक वर गुंडाळला आणि माझी बाज दाखवली.

आत्या तिच्यावर बसल्या. वाऱ्यानं त्यांच्या पदराचं टोक हललं.

"अगं बाई, किती मोकळं वाटतंय," त्या म्हणाल्या. "मग पोरांना हितंच ठिवा की. कशाला त्या आतल्या खोलीत? दोन खोल्या, सवता व्हरांडा. राजाराणीवानी राहतील." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आई हसली. मुलीकडच्यांना नाही म्हणायची ती वेळ नव्हती.

यावेळी पप्पांना काही बोलावं लागलं नाही. आत्यांचं बोलणं कळल्यावर काकू दुसऱ्या दिवशी स्वतःच आईला म्हणाल्या, येडशीला एक खोली बघितलीय, बसनं येऊन-जाऊन करीन, स्टँडजवळच हाय. आई म्हणाली, "अहो, एवढी घाई काय." काकू म्हणाल्या, "घाई न्हाय. लग्नाचं घर हाय." पप्पा म्हणाले, "शालनताई, आपल्यात कराराचा काही कागद नाही, तुम्ही सावकाश जा." हे त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं. मला माहीत आहे ते चांगल्या मनानं होतं.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी खोल्या उतरवायला घेतल्या. मला वाटलं सामान बांधतायत. त्यांनी दोडक्याचा वेल दोरीवरून सोडवला. डबे खाली आणून माती परसात ओतली. भिंतीतले खिळे एकेक करून उपटले आणि भोकं चुन्यानं बुजवली. दिवा त्यांनी कोपऱ्यात घेतला होता, तो पुन्हा छताच्या मध्यावर लावला, आधीच्याच होल्डरला. दोरी वीतभर वर नेली. मग व्हरांड्याच्या टोकाला आल्या आणि चिक काढला, नळी काढली, दोन खिळे काढले. मी शिडी धरली होती. त्या खाली उतरल्या, बाजेखालच्या विटा ओढून ढिगावर टाकल्या आणि हात झटकले.

"हे कशाला काढलं, काकू?" मी विचारलं. एवढंच विचारायला मला संध्याकाळ लागली.

"जागा जशी घेतली तशी परत द्यायची असती. करारात कलम असतंय."

"पण आपलं तर काही लिहिलेलंच नव्हतं."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या.

आई पुढे बरेच दिवस दुखावल्यासारखी होती. "एवढं उपटून काय मिळालं बाईला? लग्नाच्या घरात असं करतात का?" भैया म्हणाला, त्यांनी स्वतःचं सामान नेलं, त्यात काय. पप्पांनी मत दिलं नाही. लग्नानंतर भैया आणि वहिनी मागच्या खोल्यांत आठ दिवस राहिले. मग वहिनी म्हणाली, इथं फार ऊन येतं, आणि दोघं आतल्या नवीन खोलीत आले, त्या मोठ्या खिडकीच्या. मागे आता मांडवाच्या गाद्या, खुर्च्या आणि तो कूलर आहे. कधी कधी मला वाटतं काकूंना हेही दिसत होतं. कधी वाटतं मीच त्यांच्या माथी एवढं शहाणपण मारते, म्हणजे माझी त्या दिवशीची चूक, ते चिक वर गुंडाळणं, लहान वाटेल.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. मला नोकरीच्या अर्जासोबत रहिवासाचं स्वयंघोषणापत्र जोडायचं होतं. कोर्टासमोर तशी शेडं पुष्कळ आहेत. मी तीन ओलांडून त्यांच्याकडे गेले. सकाळची गर्दी होती. त्यांनी मला बघितलं, ओळखीचं हसल्या आणि समोरच्या स्टुलाकडे बोट केलं. बसले तर स्टूल इतकं बरोबर उंचीचं होतं, की कागद आपोआप कोपराशी आला. रांगेतल्या माणसांसारखंच त्यांनी मलाही विचारायला सुरुवात केली. पूर्ण नाव. वय. पत्ता. सगळं त्यांना पाठ होतं तरी विचारत होत्या, आणि मी सांगत होते. मला म्हणायचं होतं, काकू, त्या दिवशी मीच मुलीकडच्यांना तुमच्याकडे घेऊन गेले. माझ्या मागं एक म्हातारे गृहस्थ फाइल घेऊन उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"घर स्वतःचं का भाड्याचं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची नजर लॅपटॉपवर होती, बोटं थांबलेली.

"पप्पांचं," मी म्हणाले.

"तसा रकाना न्हाय गं. दोनच हायत."

 घरात आता माझ्याही स्थळांची बोलणी चालली होती. आई माझं कपाट वहिनीला दाखवत होती, हे नंतर रिकामं होईल म्हणून. हे मी काकूंना सांगितलं नव्हतं. त्यांना कुठून कळणार होतं, मला माहीत नाही. मागच्या गृहस्थांनी घसा खाकरला.

काकूंनी चष्मा वर सरकवला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाल्या, "सध्या स्वतःचंच टाकते."

प्रिंटर घरघरला. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला, सही कुठं करायची तिथं बोट टेकवलं आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाल्या, "या काका, तुमचं काय हाय?"